तेराव्या ग्रहावरचं वादळ

‘तेरावा ग्रह’ ही लहानपणची अंतराळमालिका नव्यानं येणार, अशी बातमी भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली आणि उदगीरच्या देविदासचं डोकंच सणकलं. पन्नाशीतला माणूस, पण गिऱ्हाईक सोडून मेसेज ठोकत बसला. “कंप्युटरवर काय बी करा, ते चांदण्यांचं वादळ जमणार न्हाई! ऐन लढाईत आभाळभर पांढरे ठिपके उसळायचे, खर्रर्र आवाज व्हायचा आन् शत्रूचं यान गायब! काय दिग्दर्शक होता राव!”

नांदेडचा मावसभाऊ शिवशंकर म्हणाला, “देवा, एक भाग चुकवला न्हाई मी. असलं वादळ त्यात नव्हतंच.”

“तुमच्या नांदेडात नसंल,” देविदासनं सुनावलं. “आमच्या गावात दर रविवारी यायचं.”

मग त्यानं ग्रुपवर मतदानच लावलं: जुनी का नवी? भिडेखातर जवळपास सगळ्यांनी जुनीलाच मत दिलं. नवीला एकच मत पडलं, तेही त्याच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं, अंबिकाचं.

“तुला काय कळतंय गं त्यातलं?” देविदास भडकला.

अंबिकानं सावकाश लिहिलं, “दादा, मालिका संपंपर्यंत तू मला माळवदावर अँटेना धरून उभी करायचास. हात अवघडला की मी तो बदलायची, तवाच तुझं वादळ यायचं.”

 

लगेच तिचाच पुढचा मेसेज आला, “आता तरी मला खाली बसून बघू दे की.”