कापलेली दाद

“आता ऐका, कसं लख्ख झालंय!” इंजिनिअरसाहेबांनी बटण दाबलं. नव्या स्पीकरमधून जुनी मैफल खोलीभर पसरली. सोफ्यावर डॉक्टरांनी डोळे मिटले. शेजारच्या वकिलांनी मान डोलावली.

दर रविवारी इथे जमायचं आणि एकेकानं आपल्या आवडीचं गाणं ऐकवायचं, असा या तिघांचा शिरस्ता होता. आजची पाळी साहेबांची. ही मैफल त्यांनी लग्न झालं त्याच वर्षी स्वतः टेप केली होती, रेकॉर्डर मांडीवर ठेवून. तिच्यावर त्यांचा भारी जीव.

“यात एक घाण होती,” साहेब म्हणाले. “ऐन रंगात कुणी बाई ‘वाह!’ म्हणून किंचाळली. तेही नको त्या ठिकाणी! लोक हसले, बुवा बिथरले आणि तीच जागा दोनदा घेऊन बसले. कॉम्प्युटरवर सगळं कापून टाकलं.”

“गाण्यातलं कळत नाही त्यांनी घरी बसावं,” वकील म्हणाले.

“बसवलं ना,” स्वयंपाकघराच्या दारातून साहेबांची बायको म्हणाली.

तिच्या हातात कॉफी नव्हती. तिचा जुना टू-इन-वन होता. इतक्या रविवारांत तिला काय आवडतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. आज तिनं सरळ पुढे येऊन स्पीकर बंद केला.

“अगं, हे काय?”

“आज माझी आवड. तुम्ही भंगारात टाकलेली कॅसेट.”

टेप खरखरली. तेच गाणं, तोच सूर. मग एका तरुण मुलीचा आवाज आला, अगदी जवळून, “वाह!” सभागृहात हशा पिकला. आणि त्या हशाच्याही वर, माइकला खेटून, एक पुरुष फिस्कारला, “गप्प बस! चारचौघांत लाज काढलीस. पुन्हा आणणार नाही तुला.”

डॉक्टरांनी डोळे उघडले. हा आवाज ते दर रविवारी ऐकत होते. वकील आपल्या पायांकडे बघत राहिले. साहेबांचे कान लालबुंद झाले. बोलल्याप्रमाणे वागलेही होते ते. त्यानंतर प्रत्येक मैफलीला एकटेच गेले होते.

“बंद कर ते!” साहेब ताडकन उठले.

तिनं टू-इन-वनची बटणं तळहाताखाली झाकली.

“गप्प बसा. पुढचं माझं आहे.”

टेपवर गाणं थांबलं होतं. तबलाही थांबला. मग बुवांचा आवाज आला.

“हसता काय? या जागेसाठी मी मघापासून धडपडतोय. आत्ता सापडली, ती फक्त या ताईंना कळली. ताई, परत घेतो. तुमच्यासाठी.”