घोडीला दाखवायचं होतं

म्हाताऱ्या घोड्यांचा तबेला चालवणाऱ्या ताईंच्या डोक्याला सकाळपासून ताप होता. जनावरांचे डॉक्टर उशिरा आले, धाकटा भाऊ रडत बसला, आणि गाडीच्या जुंपणीतून सोडवून आणलेला तो म्हातारा घोडा पोटाच्या दुखण्याने घामाघूम होऊनही आडवा व्हायला तयार नव्हता. शेवटी दयामरणाच्या इंजेक्शनने तो गव्हाणीपाशी कोसळला. डॉक्टरांनी छाती ऐकली, डोळ्याला बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, "गेला."

"आता घोडीला आण," ताई भावाला म्हणाल्या. त्यांच्या तबेल्यात ही पद्धतच होती. सोबत्याचा देह एकदा हुंगला, की मागे राहिलेलं जनावर समजून घेतं. नाहीतर खिंकाळत शोधत राहतं, चाऱ्याला तोंड लावत नाही. आधीच बरगड्या दिसणारी ही घोडी त्यात टिकली नसती.

घोडी आली आणि देहाला वळसा घालून समोरच्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

"अगं बाई, इकडे बघ ना!" ताईंनी दोर ओढला. "सगळ्यांना नाटकं आजच सुचतात!"

घोडीने मान पुढे केली आणि हवेतच दातांनी खाजवू लागली. ती आणि तो घोडा रोज अशीच समोरासमोर उभी राहून एकमेकांचे खांदे खाजवायची.

"सवय आहे, दुसरं काय," डॉक्टर बॅग आवरत म्हणाले.

"सवय गेली खड्ड्यात!" ताई तरातरा पुढे गेल्या आणि तिला वळवायला त्यांनी खांद्यावर हात टाकला.

तिथले केस ओले होते. बोटांशेजारची कातडी दातांच्या चिमटीत धरल्यासारखी वर उचलली गेली, सुटली, आणि जरा पुढे पुन्हा उचलली गेली.

घोडीने सुखाने डोळे मिटले.