भिंतीत मिटणारा पलंग

निवृत्त झाल्यावर नर्सबाईंनी झाडांच्या कडेला, हात लांबवला की संपेल एवढंसं घर बांधलं. "आई, आम्ही आलो की झोपायचं कुठे?" असं लेकीने फोनवर विचारलं, म्हणून भिंतीत मिटणारा पलंगही करून घेतला. शनिवार आला की बाई तो उघडून ठेवायच्या, सोमवारी पुन्हा मिटायच्या.

वर्षभरात बिजागऱ्या खिळखिळ्या झाल्या. सुतार बघायला आला.

"एवढ्यात झिजल्या? माणसांचा राबता दिसतो तुमच्याकडे."

"लेक, जावई, नातवंडं. पाय निघत नाही हो त्यांचा इथून," असं हसत म्हणून बाई चहा टाकायला वळल्या.

सुताराने पलंग खाली घेतला.



गादीवरचं दुकानातलं प्लॅस्टिक अजून तसंच होतं.