सातवा संदर्भ

अर्शियानं अहवाल टेबलावर आपटला, तशी विरूपाक्ष सरांची चहाची बशी खणकली.

"तुमच्या अहवालातला हा सातवा संदर्भ बघा. नाव माझं, साल दोन हजार एकवीस. ‘दालमिलमधली धूळ आणि कामगार महिलांचा दमा यांचा संबंध आढळला नाही.’ सर, हा लेख मी कधी लिहिला?"

सरांनी चष्मा चढवला. लातूरच्या त्या कॉलेजात ते विभागप्रमुख, ती त्यांच्याच हाताखालची प्राध्यापक. "तुम्हालाच ठाऊक असंल, मॅडम."

"मी एकच लेख लिहिलाय. साठ बायकांचा श्वास मोजून. त्यातल्या एकतीस जणींची छाती धुळीनं गेलीय, असं त्यात लिहिलंय."

"मग एआयनं गडबड केली असंल. मिलवाल्यांना आठ दिवसांत अहवाल पाहिजे होता. त्याला विचारलं, त्यानं बारा संदर्भ काढून दिले. नावं ओळखीची दिसली, म्हटलं बरोबरच असणार."

"एक तरी उघडून बघितला?"

सरांनी बशी बाजूला सरकवली.

"मी पण विचारते त्याला. कोणते शब्द घालून शोधू, कुणी कुठं काम केलंय, सगळं विचारते. पण त्यानं सांगितलेला लेख मी स्वतः काढून वाचत नाही तोवर माझ्या लेखी तो नसतोच."

"कशाला एवढं तापायलात? एका संदर्भाचं काय! काढून टाकू."

तिनं त्यांचाच संगणक आपल्याकडं वळवून घेतला आणि उभ्याउभ्या बाराही नावं शोधली. पाच लेख कुठंच सापडले नाहीत. दोन सापडले, ते खतांवरचे. उरलेले पाच तेवढे खरे निघाले. तिचा आवाज चढत गेला, तसे कारकून दारात येऊन उभे राहिले.

"या कागदाच्या जोरावर मिलनं धूळ ओढायची मशीन रद्द केली, सर. आणि माझ्या नावासकट तो गेटवर चिकटवला."

"आजच दुरुस्तीचा मेल टाकतो."

"त्या बायका मेल वाचत नाहीत. उठा."

ऑटोत बसल्याबसल्या सरांनी दुरुस्तीचा कागद लिहून काढला.

मिलमध्ये जेवणाची सुट्टी झाली होती. तुरीच्या पोत्यांना टेकून बायका डबे झाकत होत्या. त्यांच्यासमोर सरांनी तो कागद वाचला. अहवाल चुकीचा आहे, मॅडमनी असं काही लिहिलेलं नाही. "मी तपासलं नाही," हे शेवटचं वाक्य ते पुटपुटले.

"मोठ्यानं," अर्शिया म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाचलं. मॅनेजर म्हणाला, "मालक आले की सांगतो," आणि निघून गेला.

तुळजाबाई तेवढी उठून पुढं आली. वीस वर्षं ती त्या मिलमध्ये चाळणीवर होती. अभ्यासाच्या वेळी साठही बायका तिनंच घरोघर फिरून गोळा केल्या होत्या.

"बाई, गेटवरला कागद आमच्या नातीनं वाचून दावला. तुमचंच नाव हुतं त्याच्यावर. बाया मला लई बोलल्या. म्हन्ल्या, तुझ्या बाईनं आमाला इकलं." ती दम घ्यायला थांबली. "आता हे सर म्हनायलेत, ते खोटं हुतं."

"हाव, तुळजाबाई. खोटं होतं."

"असंल. पर फुडच्या बारीला तुमी छाती मोजायला आलात, तर मी बायांना काय म्हनून बोलवू?"

तेवढ्यात भोंगा वाजला. तुळजाबाईनं पदर नाकातोंडावरून गच्च आवळून मानेमागं गाठ मारली आणि ती आत गेली.