माझ्या हातात

"माझ्या हातात."

एवढेच दोन शब्द. बाहेर ढगांनी विमान सुपात घालून पाखडायला घेतलं होतं, आणि आत कॅप्टनचा आवाज मात्र विहिरीच्या पाण्यासारखा गार. दुरुस्तीनंतरचं ते पहिलं उड्डाण. तो नवाकोरा मेकॅनिक, मागच्या घडीच्या खुर्चीत, मांडीवर अवजारांची पिशवी आवळून बसलेला. शिकाऊ वैमानिक ओरडला होता, "तुमच्या हातात!" पण त्याने दांडी सोडली नव्हती. शिस्तच तशी होती. बोलून द्यायचं, बोलून घ्यायचं. समोरून उत्तर आल्याशिवाय हात सोडायचा नाही. मग ते उत्तर आलं, आणि मागे बसलेल्या मेकॅनिकचीही मूठ सैल झाली.

तो आवाज त्याच्या कानात जन्मभर मुरत राहिला.

आभाळातून ती विमानं कधीच गेली. आता मात्र तेच विमान संगणकावरच्या सिम्युलेटरसाठी विकायला आलं होतं. तीच दोन इंजिनं, तेच पंखे, तेच अरुंद कॉकपिट. किंमत छोट्या फ्रीजएवढी.

"बाबा, घेऊ नका," जावई म्हणाला. या खेळातला घरचा जाणकार तोच. "फुकटची विमानं ढीगभर पडलीयत. तीच तुम्ही अजून धावपट्टीवर आपटताय. आता पैसे मोजून आपटणार?"

"महागाचं आपटलं की आवाज चांगला येतो."

जावई हसला. "काम चोख केलंय म्हणा. प्रत्येक बटण चालतं. इंजिनांचे आवाज खऱ्या विमानातून घेतलेत."

"आणि माणसांचे?"

"माणसांचे कुठून आणणार? खुर्च्या रिकाम्याच असतात."

"मग ठीक आहे."

मुलगी कप उचलता उचलता थांबली. आतल्या खोलीकडे बघत हळूच म्हणाली, "आईला विचारलंत?"

"नाही."

"त्या विमानाचं नाव काढलं तरी ती उठून आत जाते. आधीच धड बोलत नाही कुणाशी. यावरून आणखी बिनसलं तर?"

त्यालाही तीच धास्ती होती. विमानतळ सुटला, कामाचे कपडे कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेले, आणि त्याच सुमारास बायकोच्या डोळ्यांचं दुखणं सुरू झालं. तेव्हापासून घरातलं बोलणं आटत गेलं. आधी गप्पा गेल्या, मग भांडणं गेली. त्याला भांडणांचीच जास्त आठवण यायची. उरलं होतं ते चादरींचं आणि फ्रीजचं.

त्या संध्याकाळी बायको गॅलरीत आली. जाड चष्मा सावरून तिने पडद्याची हालचाल बघितली.

"वारा डावीकडून आहे. चादरी पलीकडच्या तारेवर घाल."

त्याने घातल्या.

"आणि अरे, तो फ्रीज सारखा घरघरतो. बदलायला हवा."

"बघू."

झालं, दिवसाचं बोलणं संपलं. मग दोघं फिरायला निघाली. निघताना तिने नेहमीप्रमाणे गॅसच्या बटणाला बोट लावलं, मग नळाला, मग खिडकीच्या कडीला, मग दाराला. क्रम कधी चुकायचा नाही. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही.

"झाली का प्रदक्षिणा?" त्याने चिडवलं.

पूर्वी ती उलटून काहीतरी टोचून बोलली असती. आता नुसतीच चपला घालून पुढे झाली.

त्याने त्या विमानाची जाहिरात पुन्हा पुन्हा पाहिली. मेकॅनिकची नजर चुका शोधत फिरली. अडकून बसणारा खटका तसाच होता. काचेवरचा वायपर तसाच कण्हत होता. चूक एकच सापडली. कॅप्टनच्या खुर्चीचा डावा हात कोरा करकरीत दाखवला होता. खऱ्या विमानात तो कोपराने झिजून गुळगुळीत झाला होता. नवा बसवायचा हुकूम आला, तरी त्याने तो कधी बदलला नव्हता.

एवढ्यासाठी फ्रीज लांबणीवर टाकायचा? दोन तासांची हौस ती, आणि नंतर घरात उरलासुरला शब्दही गेला तर? तो सोफ्याकडे बघत राहिला. बायको डावा कोपर टेकवून बसायची तिथलं कापड विटलं होतं.

त्याने विमान घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला. आधी एक इंजिन खोकलं, मग दुसरं. मग दोघांचे सूर जुळले आणि खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. आतल्या खोलीत बायको कपडे झटकून घड्या घालत होती. तो झटकण्याचा आवाज थांबला.

विमान वर गेलं ते कसंबसं. खाली येताना मात्र वाऱ्याने त्याला गाठलं. धावपट्टी पडद्यावर कधी इकडे, कधी तिकडे. दांडी त्याच्या मुठीत वळवळत होती. जन्मभर विमानं उघडली, जोडली, पुसली, पण उडवणं त्याला कधी जमलं नाही ते नाहीच.

दारात पावलं वाजली. त्याने मान वळवली नाही. आता ती नेहमीसारखी निघून जाईल, की फ्रीजवरून बोलेल? बोलली तरी चालेल, त्याला वाटलं. काहीही बोलू दे.

पावलं तिथेच थांबली.

धावपट्टी तिरकी होऊन अंगावर येत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने बायकोला अहोजाहो केलं.

"तुमच्या हातात," तो म्हणाला.

आणि हात सोडला नाही. उत्तर यायचं होतं.

बांगडी किणकिणली. त्याच्या हातावर एक हात आला, वाऱ्याकडे किंचित झुकला, आणि डुचमळणारी धावपट्टी समोर सरळ होऊन थांबली.

"माझ्या हातात," कॅप्टन म्हणाली.