सुरंगीचे कळे

मातीत खुपसलेल्या नळीने आकडे दाखवले, आणि शर्वाणीने ते चिडून पुन्हा तपासले. देवराईच्या मधोमध, सुरंगीच्या बुंध्याशी, नत्र जवळजवळ संपलं होतं. पलीकडच्या डोंगरावर हवेतला कार्बन शोषायला लावलेला नवा बांबू दिवसाला दोन हात वाढायचा. त्याची मुळं जमिनीखालून राईत शिरली त्याला आता चार वर्षं झाली होती.

“लाडूकाका, अजून वेळ आहे. मुळं खणून तोडली तर झाडं जगतील,” ती गुरवाला म्हणाली.

देवळाच्या पायरीशी आलेला कोंब सकाळपासून वीतभर वाढला होता. लाडू गुरव त्याच्याकडे बघत राहिला.

“बाय, ह्या राईत कोयतो लावचो तर देवाचो कौल होयो. कौलाशिवाय हय कोणी काटकी मोडूक नाय.”

“मग लावा कौल! देवाच्या अंगावरचा कळा उजवीकडे पडला की झालं ना? वाट कसली बघताय?”

म्हाताऱ्याने सुरंगीकडे हात केला. ऐन फाल्गुनात तिच्या फांद्या कोरड्या होत्या आणि उरलेली पानं पिवळी पडली होती.

“कौलाक हिचेच कळे लागतत, दुसरे चालनत नाय,” तो म्हणाला. “तीन वर्सां रोज येवन बघतंय. एक कळो धरूक नाय. देवाक विचारू कसा?”