खाली रेघ मारा

"अमेरिकन कादंबरीचा नायक कळपाने चालत नाही, स्वल्पविराम, तो स्वतःच्या बुद्धीने चालतो, पूर्णविराम." एम.ए.च्या वर्गात दाणी सर पिवळ्या पडलेल्या नोट्स सांगत होते आणि अख्खा वर्ग मान खाली घालून लिहून घेत होता.

शुभदा तेवढी लिहीत नव्हती. तिच्यासमोर तपासून आलेला चाचणीचा पेपर होता आणि त्यावर लाल शाईतला भोपळा. रानात एकटा राहणाऱ्या नायकाच्या स्वावलंबनाचं काय कौतुक करायचं, त्याची बायको मागे शेतात राबत होती म्हणून त्याला ते जमलं, असं तिने रोखठोक लिहिलं होतं.

ती उठली. "सर, माझं उत्तर चुकलं कुठे?"

"नोट्समध्ये आहे का ते?"

"कादंबरीत आहे."

"बाकीचे मुकाट्याने लिहितात, तुलाच कसली शिंगं फुटलीत?"

"स्वतःच्या बुद्धीने चालायचं, असं तुम्हीच सांगताय ना?"

"चालती हो वर्गातून!"

शुभदा जागची हलली नाही. शेजारच्या मैत्रिणीने तिची ओढणी ओढली. "माफी माग गं, कशाला उगाच!"

"माझं उत्तर तूही वाचलंस. बरोबर आहे म्हणालीस," शुभदा मोठ्याने म्हणाली. मैत्रीण वहीत बघू लागली.

शुभदा पिशवी उचलून दाराशी पोहोचली, तोवर सरांनी घसा खाकरला. "नवा परिच्छेद. नायकाला समाज हाकलून देतो, स्वल्पविराम, पण त्याच्या बाजूने कुणी चकार शब्द काढत नाही, पूर्णविराम. महत्त्वाचं आहे, खाली रेघ मारा."

मैत्रिणीने पट्टी काढली.